घर आणि गांव : बदलापुरास येणाऱ्या पाहुण्यांस

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे धाकटे दीर नोकरीनिमित्त सहकुटुंब बदलापुरास राहावयास आले आहेत. नाताळच्या सुट्टींत सासूबाई, दोघी जावा आणि लहानमोठीं पांच मुलें असा सगळा परिवार चार दिवस त्यांच्याकडे जावयाचा आहे. तेथें पाहण्यासारखें काय आहे तें या सदरांत लिहावें, असें त्या कळवितात. आणि शेवटीं भीतभीत अशी पुस्तीही जोडतात कीं, मुंबईची मंडळी म्हणतात, तिकडे पाहण्यासारखें कांहींच नाहीं.

मुंबईच्या मंडळींस आम्ही दोष देत नाहीं. मुंबईच्या मोठ्या स्टेशनापासून अडुसष्ट किलोमीटरांवरचें आमचें गांव त्यांना ठाऊक आहे तें गाडीच्या कपाळावरची पाटी म्हणून. येथील रहिवाशांपैकीं पुष्कळांनींही तें त्याहून अधिक पाहिलेलें नाहीं. पहांटे उठावें, डबा घेऊन फलाट गांठावा, रात्रीं परत यावें आणि निजावें. रविवार आला कीं आठवड्याची झोंप काढावी. असा क्रम ज्यांचा आहे त्यांनीं गांव पाहावें तरी केव्हां? आम्ही मात्र हेंद्रेपाड्यांत जुन्या घरीं राहतों, शाळा सुटल्याला (म्हणजे आमची, मुलांची रोजच सुटते) पुष्कळ दिवस झाले, आणि पाहुण्यांना गांव दाखविण्याचें काम घरांत परंपरेनें आमच्याकडेच आलेलें आहे. तेव्हां उत्तर देण्यास आम्ही अगदींच अनधिकारी नाहीं.

नांवापासून आरंभ करूं. पाहुणा गाडींतून उतरला कीं पहिला प्रश्न नांवाचा विचारतो. शिवाजीमहाराजांचें सैन्य सुरतेच्या वाटेवर असतां येथें घोडे बदलीत, म्हणून हें बदलापूर, अशी कथा लहानथोर सर्व सांगतात. मुलांना ती फार आवडते, म्हणून आम्हीही ती सांगतों. परंतु गोष्ट म्हणून सांगतों, इतिहास म्हणून नव्हे. 'बदल' हा शब्द अरबी-फारसींतून आलेला आणि 'पूर' संस्कृतांतला. अशीं जोडनांवें आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तेवढ्यावरून घोड्यांची साक्ष काढतां येत नाहीं. 'पाडा' या शब्दाविषयीं मात्र वाद नको. ठाणें जिल्ह्यांत गांवठाणापासून सुटी असलेली लहानशी वस्ती तो पाडा. आज हेंद्रेपाड्यांत चारचार मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, तरी नांवानें तो पाडाच राहिला आहे.

'पूर' शब्दावर मात्र थोडें थांबलें पाहिजे, कारण आमच्या गांवीं तो निव्वळ व्याकरणाचा विषय नाहीं. संस्कृतांत नगर तें पुर, त्याचा उकार ऱ्हस्व. आणि पाण्याचा लोट तो पूर, त्याचा ऊकार दीर्घ. मराठींत गांवाच्या नांवाच्या शेवटीं आला कीं पहिलाही दीर्घच लिहितात, आणि दोहोंतला भेद मावळतो. आमच्याकडे तो भेद आणखीही एका रीतीनें मावळतो. उल्हास नदी घरापासून हांकेच्या अंतरावर आहे.

पाहुण्यांस आम्ही सर्वांत आधीं नेतों तें या नदीवर. येथें देऊळ नाहीं, वाडा नाहीं, तिकीट नाहीं. राजमाचीच्या खोऱ्यांत उगम पावून, कर्जत, नेरळ, वांगणी अशीं गांवें घेत ती उत्तरेकडे येते, आणि पुढें कल्याणाजवळ खाडीच्या पाण्यास भिडून वसईकडे समुद्रास जाते. आमच्या घाटावर उभें राहिलें कीं एका बाजूस माथेरानच्या रांगेंतले डोंगर दिसतात. त्यांत चंदेरीचा सुळका वेगळा ओळखूं येतो, आणि त्याच्या अलीकडे मलंगगडाचा माथा. मार्गशीर्षांत सकाळीं सहा-सव्वासहाला जावें. पाण्यावर धुकें असतें, बगळे असतात, आणि पलीकडच्या तीरावरून भाजीचे भारे घेऊन निघालेलीं माणसें दिसतात. आमच्या वृद्ध मातोश्री हयात होत्या तोंवर कार्तिकस्नान त्यांनीं याच पाण्यांत केलें. आज आम्ही कोणास तसें करावयास सांगणार नाहीं. वरच्या गांवांचें सांडपाणी नदींत येतें, उन्हाळ्यांत जलपर्णी कांठापासून कांठापर्यंत पसरते, आणि हिरवळ समजून एखादें पोर त्यावर पाय टाकील अशी भीति वाटते. विशेष असें कीं हेंच पाणी पुढें बंधाऱ्यापाशीं अडवून, शुद्ध करून, आम्हीच पितों. आणि आमच्यापुढचींही गांवें पितात. नदीस माता म्हणणें सोपें आहे. मातेच्या अंगणांत काय टाकावें याचा विचार करणें त्याहून अवघड असावें.

या बंधाऱ्याच्या पुलापाशीं पाण्याची उंची मोजतात. साडेसोळा मीटरांवर इशारा, आणि साडेसतरा मीटरांवर धोका. पावसाळ्यांत हे दोन आंकडे आमच्या घरांतल्या बायकांना तिथिवारासारखे पाठ असतात. डोंगरांत रात्रभर पाऊस कोसळला कीं तें पाणी कांहीं घटकांत खोऱ्यांत उतरतें. त्यांत खाडीला भरती असली तर पुढें जावयास वाट मिळत नाहीं, आणि तें शेतांत, मैदानांत व मग घरांत शिरतें. २००५ च्या जुलईंतला पूर सर्वांस ठाऊक आहे. २०१९ च्या जुलईंत पुन्हां तसेंच झालें. त्या २७ तारखेस मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकली, आणि हजारावर उतारूंना नावांतून बाहेर काढावें लागलें. पुढें २०२१ च्या जुलईंतही हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या बाजूस पाणी आलें.

२०१९ सालीं आमच्या माजघरांत कमरेइतकें पाणी होतें. थोरले बंधू वरच्या मजल्यावर बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होते आणि खालीं सूनबाई व पुतण्या मिळून वडिलांच्या वेळच्या पोथ्यांचे रुमाल जिन्यावरून वर देत होतीं. चौदा रुमाल वांचले, दोन भिजले. त्या दिवसापासून घरांत एक प्रश्न उभा आहे, आणि तो अजून बसलेला नाहीं. पुतण्याचें म्हणणें, हें घर विकावें आणि रुळांच्या पूर्वेस उंचावर एकाच इमारतींत शेजारीशेजारी तीन बिऱ्हाडें घ्यावीं. मुलांना घेऊन दर वर्षीं आषाढांत पाण्याची वाट पाहत बसणें शहाणपणाचें नाहीं. बंधूंचें म्हणणें, शेजारीशेजारी तीन दारें झालीं कीं तीन चुली होतात, आणि तीन चुली झाल्या कीं एक घर राहत नाहीं. दोघेही खरें बोलतात, हीच तर अडचण. तूर्त एवढेंच ठरलें आहे कीं ज्येष्ठ पौर्णिमेच्या आंत तळमजल्यावरचें धान्य, गाद्या आणि पुस्तकें वर न्यावयाचीं व कोजागिरी झाल्यावर खालीं आणावयाचीं. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या दिरांनीं जागा कोणत्या बाजूस घेतली आहे तें आम्हांस ठाऊक नाहीं. पश्चिमेस नदीच्या बाजूनें घेतली असेल, तर पाहुण्यांना नदी दाखवितांना त्यांनीं शेजाऱ्यांस भिंतीवरची पाण्याची रेघही दाखवावयास सांगावी. पुष्कळ घरांत ती अजून पुसलेली नाहीं.

आतां देऊळ. खरें म्हणजे एका दिवसांत एकच गोष्ट पाहावयाची असेल तर ती हीच: अंबरनाथचें शिवालय. बदलापुराहून मुंबईच्या दिशेनें गाडीचें पहिलेंच स्टेशन. पूर्वेस उतरून रिक्षेनें थोडक्या वेळांत देवळापाशीं जातां येतें. शेजारून वालधुनी नदी वाहते. एके काळीं तिच्यांत हात धुऊन दर्शनास जात. आज तिच्यांत कारखान्यांचें व वस्त्यांचें पाणी येऊन तिची जी दशा झाली आहे ती पाहून नाकास पदर लावावा लागतो. तेवढें सोसावें आणि आंत जावें.

हें देऊळ पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, असें लोक म्हणतात. शिखराचा वरचा भाग आज उघडा आहे, तो रात्र संपली म्हणून तसाच राहिला, असेंही सांगतात. परंतु देवळानें आपला दाखला आपल्या अंगावरच ठेविला आहे. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आंतल्या बाजूस एक लेख कोरलेला आहे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत डॉक्टर भाऊ दाजी यांनीं तो वाचला आणि त्यांतला शक ७८२ असा लाविला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो पुन्हां तपासून ९८२ असा निश्चित केला, आणि तोच आज मान्य आहे. म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचा फरक पडला. शाळेंत आंकडे गिरवून घेतांना आम्ही हें उदाहरण मुलांना पुष्कळ वेळां दिलें आहे.

राज्य तेव्हां उत्तर कोंकणच्या शिलाहारांचें. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले; लेखांतला मामवाणि तो हाच मुम्मुणि. हे शिलाहार स्वतःस तगरपुरचे स्वामी म्हणवीत. तगर म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतलें तेर. कोंकणांत राज्य करावयाचें आणि बिरुद मात्र घाटावरच्या मूळ गांवाचें लावावयाचें. आपल्याकडे आडनांवांच्या पुढें जीं कर लागलेलीं आहेत त्यांचीही कथा याहून वेगळी नसावी.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून दुपारीं तीन-साडेतीनला जावें. उतरतें ऊन समोरून पडतें आणि काळ्या दगडावरचें काम उठून दिसतें. आधीं आंत जाऊं नये. बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा करावी, आणि तीही घाईनें नव्हे. खालच्या थरांत हत्ती आहेत. मुलांना ते मोजावयास सांगावे, म्हणजे अर्धा तास तीं कोणास त्रास देत नाहींत. भिंत सरळ नाहीं. ती पुढेंमागें होत, कोपऱ्यामागून कोपरा काढीत जाते. त्यामुळें प्रत्येक कोपऱ्यावर उजेड एका बाजूस व छाया दुसऱ्या बाजूस पडते, आणि प्रत्येक मूर्तीस जणूं स्वतःचा कोनाडा मिळतो. शिव आहे, पार्वती आहे, महिषासुरमर्दिनी आहे, ब्रह्मदेव आहे. आरसा धरलेल्या, केस बांधणाऱ्या स्त्रिया आहेत. कित्येक मूर्तींचीं नाकें व हात गेले आहेत. त्यांत पाऊसपाण्याचाही वांटा आहे.

शिखराकडे पाहतांना एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चारी दिशांना खालून वर गेलेले चार पट्टे आहेत, आणि त्यांच्यामधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी, आडव्याही आणि उभ्याही, माळेंत मणी ओंवावे तशा बसविल्या आहेत. या घडणीस शिल्पशास्त्रांत भूमिज म्हणतात. सिन्नरचें गोंदेश्वर ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें ओळखीचें वाटेल; माळव्यांत उदयपूरचें उदयेश्वर याच जातीचें. कोंकणांत मात्र एवढें जुनें आणि एवढें मोठें काम आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. इंग्रज सरकारनें १८६८ सालीं या देवळाचीं चित्रें व ठसे घेण्याचें काम मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेकडे सोंपविलें होतें. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनीं येथें बसून एकेक थर कागदावर उतरविला. आज खिशांतल्या यंत्रानें एका क्षणांत चित्र निघतें, आणि म्हणूनच कोणी एका थराकडे दहा पळेंही पाहत नाहीं.

मग सभामंडपांत यावें. चार खांब आहेत. त्यांच्यावरचें काम हातानें चाचपून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. येथून गाभाऱ्यांत जावयाचें तें वर नव्हे, खालीं. वीसेक पायऱ्या उतरून गेलें कीं पिंडी. उंच देवळांत देव खोल, आणि त्याच्या डोक्यावर शिखराच्या उघड्या तोंडांतून आभाळ. अंबर म्हणजे आकाश आणि अंबर म्हणजे वस्त्रही. त्या खोल जागेंत उभें राहून वर पाहिलें म्हणजे दोन्ही अर्थ एकदम लागतात. सासूबाईंना मात्र आधींच सांगून ठेवावें कीं पायऱ्या उंच आहेत आणि अभिषेकाच्या पाण्यानें ओल्या असतात. पुढें एक सून व मागें एक सून असावी. महाशिवरात्रीस येथें मोठी जत्रा भरते. ती ज्यांना पाहावयाची त्यांनीं पाहावी. शिल्प पाहावयास तो दिवस उपयोगाचा नाहीं.

परततांना पुढच्या उल्हासनगरास जाण्याचा हट्ट बायका धरतील, तो धरूं द्यावा. आमच्या जुन्या पिढींतले लोक त्या गांवाविषयीं नाक मुरडून बोलत. आम्हांस तें कधींच रुचलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत तेथें कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेल्या कुटुंबांना त्या रिकाम्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस त्या वेळचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वस्तीस आमच्या नदीचें नांव मिळालें. भागांचीं नांवें अजून कॅम्प एक, कॅम्प दोन अशींच आहेत. ज्यांच्याजवळ एका पेटीपलीकडे कांहीं नव्हतें त्यांनीं जपानी बाजारासारखी कापडाची पेठ उभी केली. आज ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या लग्नघरांतलीं माणसें तेथें बस्ता बांधावयास जातात. भाव करावा लागतो. आमच्या सूनबाई त्यांत निष्णात आहेत, आम्ही दुकानाबाहेर पिशव्या धरून उभे असतों.

आतां ज्या ठिकाणाविषयीं पाहुणे हटकून विचारतात त्याविषयीं. गांवाच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशीं कोंडेश्वराचें स्थान आहे. झाडी, देऊळ, आणि देवळाखालीं खडकांतून उड्या घेत जाणारा ओढा. त्यानें कोरलेलीं लहानमोठीं कुंडें. स्थान सुंदर आहे यांत संशय नाहीं. परंतु पावसाळ्यांत आमच्या घरचा पाहुणा तेथें जात नाहीं, असा आमचा नियम आहे, आणि तो आम्ही कोणाच्याही रागालोभासाठीं मोडलेला नाहीं.

मागच्या श्रावणांत आमच्या मेहुण्यांचे दोन नातू आपल्या दोन मित्रांना घेऊन पुण्याहून आले. चौघेही महाविद्यालयांत शिकणारे, चौघांनाही पोहतां येत असे, आणि चौघांच्याही हातांतल्या यंत्रांत कोंडेश्वराच्या धबधब्याचीं चित्रें होतीं. सकाळीं चहा घेऊन ते निघाले. आम्हीं नाहीं म्हटलें. तेव्हां थोरला म्हणाला, "आजोबा, आम्ही लहान का आहोंत? मुठा नदींत शिकलोंत आम्ही." तलावांत किंवा संथ नदींत पोहणें निराळें आणि कुंडांत उतरणें निराळें, हें आम्हीं त्याला समजाविलें. ओढ्याबरोबर वाहत येणारे गोटे खडकाच्या खळग्यांत फिरत राहतात आणि तो खळगा आंतून विहिरीसारखा पोखरतात. वरून तोंड लहान दिसतें, आंत खोली दोन पुरुष, कडेला धरावयास कांहीं नाहीं, आणि शेवाळावर पाय ठरत नाहीं. वरून पडणारें पाणी तळाशीं जाऊन पुन्हां उसळतें आणि त्याबरोबर माणसासही फिरवितें. त्याहून वाईट हें कीं आपल्या डोक्यावर ऊन असतांना वर डोंगरांत पाऊस पडत असतो; गुडघ्याइतका ओढा पाहतां पाहतां छातीइतका होतो. जवळजवळ दर पावसाळ्यांत तेथें कोणा ना कोणाचा तरुण मुलगा जातो. म्हणूनच जिल्हाधिकारी दर वर्षीं अशा धबधब्यांवर जाण्यास बंदीचा हुकूम काढतात, आणि दर वर्षीं लोक पोलिसांची पाठ वळली कीं आडवाटेनें शिरतात.

मुलांचीं तोंडें फुगलीं. तेव्हां सूनबाई स्वयंपाकघरांतून आल्या आणि दारांत उभ्या राहून शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही खुशाल जा. पण आधीं घरीं आईंना फोन लावा आणि बंदी असतांना जातों आहोंत असें तुमच्या तोंडानें सांगा. त्या हो म्हणाल्या, तर मीच डबा बांधून देतें." चौघांपैकीं कोणीही फोन लाविला नाहीं. अर्ध्या तासानें ते पत्ते घेऊन बसले, आणि दुपारीं आम्हीं त्यांना मुळगांवच्या खंडोबाला नेलें. आमच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनांत एवढा नेमका प्रश्न आम्हांस विचारतां आला नव्हता.

नाताळांत मात्र कोंडेश्वरास अवश्य जावें. ओढा तेव्हां बारीक झालेला असतो, झाडींत ऊन कोवळें असतें, आणि कुंडांचें तोंड व पोट दोन्ही वरूनच नीट दिसतात. तेव्हांही पाण्यांत उतरूं नये. कांठावर बसून पोहे खावे. पिण्याचें पाणी घरून न्यावें, आणि बायकांच्या सोयीची व्यवस्था तेथें भरंवशाची नाहीं हें ध्यानांत ठेवून वेळ ठरवावी. केळीच्या सालीखेरीज कांहीं मागें टाकूं नये, असें आम्ही लिहिणार होतों. परंतु सालही टाकूं नये, माकडें तिच्यासाठीं अंगावर येतात.

मुळगांवच्या खंडोबाविषयीं थोडक्यांत सांगतों. बारवी धरणाच्या बाजूस टेकडीवर हें देऊळ आहे. पायऱ्या चढून गेलें कीं खालीं सगळें खोरें दिसतें. ज्यांच्या घरीं खंडोबा कुलदैवत आहे आणि जेजुरीस वारंवार जाणें होत नाहीं, ते येथें तळी भरतात. बारवीचें धरण औद्योगिक विकास महामंडळानें बांधलें, आणि आमच्या जिल्ह्यांतल्या कारखान्यांची व शहरांची तहान त्यावर भागते. त्याची उंची वाढविली तेव्हां तोंडलीसारखीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पाण्याचा तो मोठा विस्तार पाहून पाहुणे आनंदतात. आमच्या वर्गांत त्या बाजूचीं मुलें असत, म्हणून आम्हांस त्या पाण्याकडे पाहतांना त्याच्या तळाचीही आठवण होते. चंदेरीचा गड दुरूनच पाहावा. त्याची शेवटची चढण घसरट मुरुमाची आहे. ती गिर्यारोहण शिकलेल्यांची आहे, मुलाबाळांची नव्हे.

नाताळांत येणाऱ्यांचें एका बाबतींत नुकसान आहे. आमच्या गांवची खरी मिरवण्याची वस्तु त्यांना मिळावयाची नाहीं. ती म्हणजे जांभूळ. मृगाच्या आगेंमागें भोंवतालच्या पाड्यांतल्या आदिवासी बाया पहांटे टोपल्या घेऊन स्टेशनाजवळ येतात आणि पानांच्या द्रोणांत जांभळें मांडून बसतात. टपोरें, गराचें, बी लहान, आणि खाल्लें कीं दोन दिवस जीभ कोणापासून लपत नाहीं. या जांभळास अलीकडे, २०२४ च्या सुमारास, सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालें. मानांकन मिळालें तेव्हां आम्हांस आनंद झाला. परंतु तें ज्या झाडांस मिळालें त्यांतलीं कित्येक तोंवर इमारतींसाठीं तोडून झालीं होतीं. आपण ज्या भूमींत राहतों तिला पुराणें जंबुद्वीप म्हणतात, आणि संकल्प सोडतांना रोज आपण तें नांव घेतों. निदान संकल्पापुरतें तरी जांभळाचें एक झाड प्रत्येक आळींत असावें. बाया जो भाव सांगतील तो द्यावा. झाड उंच असतें, फांदी ठिसूळ असते, आणि जांभळासाठीं चढणारा जीव त्या भावांत धरलेला नसतो.

शेवटचें ठिकाण आम्ही सगळ्या पाहुण्यांस दाखवीत नाहीं. ज्यांच्या डोळ्यांत त्याची भूक दिसते त्यांनाच नेतों. श्याम जोशी यांनीं बदलापुरांत उभें केलेलें 'ग्रंथसखा' हें वाचनालय. एका माणसानें वेडानें पुस्तकें जमवावयास आरंभ केला, आणि त्यांतून मराठी ग्रंथांचा एवढा संग्रह उभा राहिला कीं दूरदूरचे अभ्यासक येथें येतात. जुनीं मासिकें, दुर्मिळ कोश, ज्यांचीं पानें उलटतांना श्वास धरावा लागतो अशीं पुस्तकें. आम्हीं प्रथम गेलों तेव्हां आमच्या वडिलांनीं बांधून ठेवलेल्या, आणि पुढें वाळवीनें खाल्लेल्या, एका मासिकाचे अंक तेथें पाहिले. त्या वेळीं आम्हीं घरीं येऊन बंधूंना म्हटलें, आपले चौदा रुमालही अशा ठिकाणीं असते तर दर ज्येष्ठांत जिना चढले नसते. बंधू कांहीं बोलले नाहींत. परंतु गेल्या महिन्यांत त्यांनीं स्वतःहून पुतण्याला हांक मारली आणि पोथ्यांची यादी करावयास सांगितलें. पुतणा रोज रात्रीं एक रुमाल सोडतो, आम्ही नांवें सांगतों, तो लिहितो. नऊ रुमाल झाले आहेत. यादी पुरी झाल्यावर पोथ्या कोठें जावयाच्या, आणि त्यांच्यामागून घर कोठें जावयाचें, हें अजून कोणी उच्चारलेलें नाहीं.

भगिनींच्या चार दिवसांची मांडणी आम्ही अशी करूं. पहिल्या दिवशीं नदी, आणि विश्रांति. दुसऱ्या दिवशीं दुपारीं अंबरनाथ, परततांना उल्हासनगरचा बाजार. तिसऱ्या दिवशीं सकाळीं लवकर कोंडेश्वर. चौथ्या दिवशीं सासूबाईंना व मुलांना खंडोबा, आणि ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांना ग्रंथसखा. मात्र तें केव्हां उघडें असतें हें आधीं विचारून घ्यावें. गाडीविषयीं एक सूचना: मुंबईकडून येतांना बदलापूर गाडीच पाहिजे असें नाहीं, कर्जत व खोपोलीच्या गाड्याही येथें थांबतात. परंतु संध्याकाळीं सहा ते नऊ या वेळांत पांच मुलें आणि एक सासूबाई घेऊन त्यांपैकीं कोणत्याही गाडींत चढण्याचें धाडस करूं नये. दुपारीं दोनच्या आंत निघावें, म्हणजे बसावयास जागा मिळते, आणि वांगणीच्या बाजूचे डोंगर उन्हांत असतांनाच घरीं पोंचून चहा घेतां येतो.